खोपकरांच्या ट्रंका

खोपकर काकूंनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे माझ्या सासरच्या सगळ्या गोतावळ्याने मिळूनसुद्धा दिले नसतील. आणि धक्के देणारी बाई कशी, तर अंगाने मूठभर, आवाज असा की समोरच्याने पुन्हा विचारावं, काय म्हणालात? दारात कोणी आलं की काकू आधी दोन पावलं मागे सरकायच्या आणि मग 'या' म्हणायच्या. अशा बाईकडून धक्क्याची अपेक्षा कोणी करत नाही, म्हणूनच तो जास्त जोरात बसतो.

पहिला धक्का त्यांच्या सामानानेच दिला. आम्ही नेरूळला राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. नव्वदीची सुरुवात. गाडी तेव्हा वाशीपर्यंतच यायची, पुढे बस नाहीतर आपले पाय. करमणूक म्हणून काही नव्हतंच, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणी नवीन राहायला आलं की आम्ही सगळ्या गॅलरीत उभ्या. सामानावरून माणूस ओळखता येतो असा आमचा ठाम समज होता. त्या दिवशी गिरगावातून ट्रक आला आणि त्यातून ट्रंका उतरायला लागल्या. पत्र्याच्या, काळ्या, हिरव्या, पोपडे निघालेल्या, एक संपली की दुसरी. टीव्ही नाही, सोफा नाही, फ्रिज नाही. एक पलंग, दोन गाद्या, स्वयंपाकाची भांडी आणि बाकी सगळ्या ट्रंकाच. तळमजल्यावरच्या सावंत मावशी म्हणाल्या, लग्नाची भांडी भाड्याने देत असतील. मी म्हटलं, नाटक कंपनी असेल. एक उंच, कृश, जाड चष्म्याचे गृहस्थ जिन्यात उभे राहून हमालांवर ओरडत होते, ट्रंक आडवी करू नका म्हणून. हे खोपकर काका. त्यांच्यामागे, हातात देवांचं तबक घेऊन, काकू.

मी समोरच्याच दारात राहणारी. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले तेव्हा कळलं की त्या ट्रंकांमध्ये मासिकं आहेत. स्वातंत्र्याच्या आधीपासूनची मासिकं आणि त्या सगळ्या वर्षांचे दिवाळी अंक. घर दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघर. त्यातली आतली मोठी, खिडकीची खोली ट्रंकांना दिलेली, आणि नवराबायको हॉलमध्ये. काका गोदीतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, म्हणजे हे घर साऱ्या आयुष्याच्या पुंजीचं. त्यातली अर्धी जागा जुन्या कागदाला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, वेड आहे. मला मात्र त्या बाईचं वाईट वाटलं. संसार केला चाळीच्या खोलीत, आता कुठे स्वतःचं घर झालं, तर त्यातही नवऱ्याच्या छंदाने पाय पसरले.

वाईट वाटण्यात मी एकटी नव्हते. बघता बघता खोपकर काकूंची दया करणं हा आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा आवडता उद्योग झाला.

अंक ठेवण्याची त्या घराची एक रीत होती, ती देवपूजेहून कडक. ट्रंका जमिनीवर नाहीत, विटांवर. भिंतीपासून वीतभर लांब, कारण आमच्या नव्याकोऱ्या भिंती पावसाळाभर पाझरायच्या. अंक उभे ठेवायचे नाहीत, आडवे ठेवायचे, आणि दर वर्षी खालचे वर, वरचे खाली. पाच-सहा अंकांचा एक गठ्ठा, तो जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. ते कापड धुतलेलं असावं पण त्याला खळ नसावी, कारण खळीला कसर लागते. मध्ये वेखंडाची पुरचुंडी आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. डांबराच्या गोळ्या बाद. त्यांचा वास पानांत मुरतो आणि वाचणाऱ्याचं डोकं दुखतं म्हणे. पावसाळ्यात त्या खोलीत दिवसभर एक बल्ब जळायचा, तो माणसांसाठी नाही, अंकांना ऊब मिळावी म्हणून. हॉलमध्ये मात्र काका संध्याकाळी सात वाजेपर्यंत दिवा लावू देत नसत.

पण खरं दुखणं होतं पिनांचं. मासिकाच्या पोटात दोन पिना असतात. गिरगावात त्या वर्षानुवर्षं टिकल्या, इथे खाडीच्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत गंजल्या. गंज आधी पिनेभोवती तांबूस डाग पाडतो, मग तेवढा कागद खातो आणि मग मधलं पान सुटून हातात येतं. त्यामुळे एकेक अंक बाहेर काढायचा, बोथट सुरीने पिना हलकेच उचकटायच्या आणि त्याच भोकांमधून पांढऱ्या दोऱ्याने शिवायचं. हे काम काकू करायच्या. दुपारभर खिडकीशी बसलेल्या, मान खाली, मांडीवर अंक, हातात सुई. आम्हा बायकांना हे खालून दिसायचं. सावंत मावशी म्हणायच्या, "अंक ह्याचे नि मान मोडता तिची." आम्ही सगळ्या 'हो ना' म्हणायचो. एकदा मी न राहवून काकूंना विचारलं, एवढे हजारो अंक, किती शिवणार तुम्ही? त्या म्हणाल्या, "होतील गं हळूहळू. घाई कोणाला आहे?" मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, बिचारीची तक्रारसुद्धा नाही.

काका मात्र त्या अंकांचे फौजदार. कोणी त्या खोलीच्या दिशेने पाहिलं तरी त्यांच्या कपाळाला आठी. त्यांची एक लकब होती. अंकांबद्दल कोणी काहीही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. "थांबा हं, पाणी पिऊन येतो," म्हणून आत जायचे आणि दोन मिनिटांनी मिशा पुसत बाहेर येऊन फर्मान सोडल्यासारखं उत्तर द्यायचे. एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या जाहिरातींवर पुस्तक लिहीत होते, केसांची तेलं, चहा, साबण, असल्या. मी साखर मागायला गेले होते, ती तिथेच रेंगाळले. त्या गृहस्थांनी विचारलं, अमुक वर्षाचे अंक आहेत का? काका म्हणाले, पाणी पिऊन येतो. आले आणि म्हणाले, आहेत, पण एक नाही. चार दिवस नेऊ का? पुन्हा पाणी. नेता येणार नाहीत, इथे बसून बघा, आधी हात साबणाने धुवा. मग त्या गृहस्थांनी सहज विचारलं की तेव्हा एक कादंबरी महिन्यामहिन्याला छापून यायची, ती डॉक्टरीण बाईची, तिचा शेवट काय झाला हो? काकांचा चेहरा गोरामोरा झाला आणि ते तिसऱ्यांदा पाणी प्यायला गेले, पण परत येऊन उत्तर द्यायच्या ऐवजी चष्मा पुसत बसले. मला वाटलं, मधुमेह असावा. काकूंना तसं सुचवलंसुद्धा, रक्त तपासून घ्या म्हणून. त्या तोंडाला पदर लावून बराच वेळ खोकत राहिल्या.

होळीनंतर गच्चीवर आमची वाळवणं पडायची, पापड, कुरडया, सांडगे. त्याच दिवसांत खोपकरांचे अंक वर यायचे. त्यांना ऊन नको, वारा हवा. टाकीच्या सावलीत चादरी अंथरायच्या आणि त्यावर अंक पसरायचे. काकू मांडी घालून एकेक पान उलटत बसायच्या आणि काका हातात काठी घेऊन कावळ्यांना हाकलत उभे. सावंत मावशींनी जागेवरून कुरकुर सुरू केली, की गच्ची पापडांसाठी की रद्दीसाठी. एका वर्षी कावळ्याने मावशींचा अर्धवट ओला सांडगा उचलला आणि नेमका एका अंकावर टाकला. मुखपृष्ठावर नऊवारीतली बाई होती, तिच्या गालावर तिखटाचा डाग पडला. काका सावंत मावशींवर असे काही कडाडले की खालच्या मजल्यावरून माणसं वर आली. वयाने साठीच्या बाईला, चारचौघांत, एका सांडग्यापायी. काकू तेवढ्यात खाली जाऊन अंगाला लावायची पावडर घेऊन आल्या, डागावर भुरभुरली आणि वर दुसरा अंक ठेवून दाबून बसल्या. संध्याकाळी ताटलीभर सांज्याच्या पोळ्या घेऊन त्या मावशींकडे गेल्या. ह्यांचं मनावर घेऊ नका, म्हणाल्या. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. असल्या जमदग्नीबरोबर या बाईने दिवस कसे काढले असतील, हा त्या आठवड्याचा आमचा विषय.

त्याच्यानंतरचा पावसाळा तर मी विसरूच शकत नाही. वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला आणि खोपकरांच्या आतल्या खोलीत धार लागली. काकांचा आवाज ऐकून मी धावले. बघते तर खोलीभर पाणी, काका ट्रंका ओढून हॉलमध्ये आणताहेत, आणि दाराशी काकू खाली बसलेल्या, उजवा हात डाव्या हाताने धरून. मनगट असं वाकडं झालेलं की मला बघवेना. घसरल्या होत्या. मी काकांना म्हटलं, अहो, रिक्षा आणा आधी. ते ट्रंक सोडून आले, काकूंच्या शेजारी त्या पाण्यात गुडघे टेकून बसले. तेव्हा काकू म्हणाल्या, "आधी ट्रंका." मी म्हटलं, काकू, हात मोडलाय तुमचा. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, आणि या खेपेला नवऱ्याकडे बघून, दातओठ खात. "आधी ट्रंका. हात कुठे पळून जात नाही."

आणि काका उठले, गेले आणि खरोखरच आधी ट्रंका हलवल्या. शेवटची ट्रंक कोरड्यात आल्यावर मगच काकू जिना उतरल्या.

माझं डोकं भणाणून गेलं होतं. हाड मोडलेलं असताना बाईला नवऱ्याच्या कागदांची भीती वाटावी, म्हणजे किती धाक असेल? त्या दिवशी मी काकांना जिन्यात उभं करून नाही नाही ते ऐकवलं. माझा नवरा मला मागे ओढत होता. काकांनी सगळं खाली मान घालून ऐकलं. उलट उत्तर नाही, पाणी पिणं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, खरं आहे तुमचं, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आणायला छत्री न घेता गेले.

खोपकरांचा एकुलता एक मुलगा उदय. बायकोबरोबर न्यू पनवेलला भाड्याने राहायचा. बाप इथे खोली अडवून बसलेला, मग तो राहणार कुठे? रविवारी यायचा, आईसाठी फळं आणायचा, बापाशी हो-नाहीपलीकडे बोलत नसे. मनगटाची बातमी कळल्यावर तो आला तेव्हा जिन्यात माझ्यापाशी थांबला. चांगला तिशीतला माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. म्हणाला, शैलाताई, गिरगावला मी चाळीच्या गॅलरीत झोपायचो, कारण आत ट्रंका. आई जन्मभर ह्या माणसाचे कागद शिवत बसली. तिला एक दिवस तरी मोकळी खोली मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सावंत मावशी म्हणाल्या, गुणाचा मुलगा.

पुढच्या थंडीत काका झोपेतच गेले.

तेरावं झालं. काकूंचा भाऊ साताऱ्याहून आला होता. आमच्यात रीत आहे, दुखवट्याला माहेरचे बाईला चार दिवस घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं म्हणून आदल्या दुपारी मी त्यांची पिशवी भरायला मदत करत होते. आतल्या खोलीत ट्रंकांच्या मध्ये दोघी बसलो होतो. मी आपली समजूत काढायला गेले. म्हटलं, काकू, एका परीने सुटलात हो तुम्ही. आता ह्या रद्दीची सेवा पुरे. द्या कुठल्यातरी वाचनालयाला नि पाय पसरून झोपा.

तेरा दिवसांची विधवा बाई हसली. अगदी आवाज करून हसली. मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"शैला," त्या म्हणाल्या, "ह्यांनी यातलं एक पान वाचलं नाही गं जन्मात. वर्तमानपत्रातल्या बोटींच्या वेळा वाचायचे, ते पण गोदीत होते तोपर्यंत."

मग त्यांनी सांगितलं. नवीन लग्न झालं होतं तेव्हा काकू मासिक वाचत असताना दूध उतू गेलं. सासूने ते मासिक चुलीत घातलं आणि म्हणाली, वाचणारी बाई घर बुडवते. दुसऱ्या दिवशी काकांनी फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून शोधून तोच अंक आणला आणि आईसमोर उभं राहून मोठ्याने सांगितलं की हा अंक माझा आहे, याला घरात कोणी हात लावायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा आईपुढे आवाज चढवला, आणि तोही खोटं बोलायला. मग पुढच्या महिन्याचा अंक आला, त्याच्या पुढच्याचा, आणि फूटपाथवरून आधीच्या वर्षांचेही. सासू पुढे खूप वर्षं जगली, तोपर्यंत अंक काकांचे हे सगळ्या चाळीला पाठ झालं होतं. पाणी प्यायला ते आत जायचे ते काकूंना विचारायला. त्या कादंबरीतल्या डॉक्टरीणबाईचं काय झालं तेही त्यांना काकूंनीच सांगून पाठवलं होतं, पण बाहेर येईपर्यंत ते विसरले.

मी विचारलं, पण सासूबाई गेल्यावर तरी खरं का नाही सांगितलंत?

"कोणाला सांगू? बाईने अर्धं घर मासिकांना दिलं म्हटल्यावर लोक वेडी म्हणतात. पुरुषाने दिलं की तो छंद. हे म्हणायचे, राहू दे ना माझ्याच नावावर, मला शिव्या खायला काही होत नाही." मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी जिन्यात बोललीस, तेव्हा घरी येऊन हसत होते. म्हणाले, समोरची चांगली मुलगी आहे, तुझ्या बाजूने भांडते."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. इतक्या वर्षांत आम्ही बघितलं ते सगळं आपापल्या जागी होतं आणि सगळंच उलटं होतं.

एक ट्रंक उघडून त्यांनी मला सगळ्यात वरचा अंक दाखवला. लुगड्याचा तुकडा सोडला तेव्हा वेखंडाचा वास आला. चुलीत गेलेल्या अंकाच्या बदली आणलेला तोच तो अंक. कोपऱ्यात काकांनी पेन्सिलीने आपलं नाव घातलेलं, आईने विचारलं तर दाखवायला. काकूंनी त्या नावावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, उदयने बापाशी अबोला धरला तो ह्या ट्रंकांपायी. हे म्हणायचे, त्याला सांगू नकोस, आता आईवर रागवेल. पण आता मी साताऱ्याहून आले की सांगणार आहे. बाप होता तेव्हा नाही कळलं, निदान आता तरी त्याच्या मनातलं किल्मिष जाऊ दे. "तू कोणाला बोलू नकोस. माझ्याच तोंडून त्याला कळायला हवं."

मी शब्द दिला. सकाळी त्या भावाबरोबर गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या की खिडकी दुपारी थोडी उघडत जा.

चौथ्या दिवशी मी बेलापूरहून ऑफिस सुटल्यावर आले तर जिन्यातच ओल्या रंगाचा वास. जिना झाडणारी मंजुळा पायरीवर बसली होती, जवळच्या गावातली आगरी बाई. मी विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, "सगला टेम्पोन् घालून नेला, बाय. सकालपासून. मी त्याला इचारला, आयेला इचारलास का? त्यो बोलला, आयसाठीच चाललाय."

मी वर धावले. खोपकरांचं दार उघडं. उदय, त्याची बायको नीता, सावंत मावशी, वरच्या मजल्यावरच्या दोघी, बायकांचे पदर खोचलेले. आतली खोली रिकामी. पिस्ता रंगाच्या भिंती, मध्ये नवा पलंग, त्यावर फुलाफुलांची चादर, कोपऱ्यात स्टुलावर नवाकोरा टीव्ही. फरशीवर विटांचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते, ते नीता ब्रशने घासत होती. उदयच्या केसांत रंग, तोंडावर असा आनंद की मला त्याच्याकडे बघवेना. म्हणाला, कशी वाटते खोली? आई उद्या येते. सरप्राइज.

मी तशीच खाली उतरले आणि बाजारातल्या रद्दीवाल्याकडे गेले, पायात वेगवेगळ्या चपला आहेत हे तिथे कळलं. तो म्हणाला, भाभी, माल तर दुपारीच गेला, लगद्याच्या कारखान्यात. मी म्हटलं, एखादा गठ्ठा राहिला असेल, बघा. त्याने तागडी बाजूला करून दाखवलं. "इतना पुराना कागज कोण ठेवतं? पानं हातात तुटत होती. ट्रंका पण भंगारवाल्याने नेल्या." त्याच्या पायाशी लुगड्याच्या चिंध्यांचा ढीग होता. ते कापड त्याने काढून घेतलं होतं, दुकान पुसायला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ठरवलं होतं, फाटकातच काकूंना गाठायचं, काही करून आधी सांगायचं. पण उदय त्यांना घ्यायला एसटी स्टँडवर गेला होता. रिक्षातून दोघं एकत्रच उतरले. त्याने आईची पिशवी एका हातात आणि आईचा हात दुसऱ्या हातात धरला होता. मी त्यांच्यामागून जिना चढले. वर बायका जमल्या होत्या. काकू आत गेल्या, दोन पावलं टाकली आणि थांबल्या.

उदय म्हणाला, "आई, बाबांनी तुला जन्मभर हॉलमध्ये झोपवलं. ही खोली तुझी. सगळी घाण काढली, एक कागद ठेवला नाही."

काकूंनी भिंतीकडे हात नेला. तो म्हणाला, ओला आहे, हात लावू नकोस. त्यांनी हात मागे घेतला. मी मागेच उभी होते. त्यांचा हात मागे चाचपडत आला आणि माझं मनगट त्यांनी पकडलं. मोडून सांधलेला हात तो, पण त्यात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मी तोंड उघडलं. म्हटलं, उदय, अरे ते अंक...

"छान केलंस रे," काकू म्हणाल्या. मोठ्याने. बाहेर जिन्यात उभ्या होत्या त्यांनासुद्धा ऐकू गेलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा असा ऐकला. मग त्या पुढे झाल्या, उदयचा हात हातात घेतला आणि त्याच्या कोपरावरचा रंग नखाने खरवडायला लागल्या. म्हणाल्या, हा असा निघायचा नाही, खोबरेल लाव. उदय रडायला लागला. सावंत मावशींनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, देवाच्या घरी न्याय आसता.

मी भिंतीला टेकले, रंग ओला आहे हे विसरून.

त्यानंतर वर्षभरात उदयने ते घर विकलं आणि काकूंना पनवेलला नेलं. पुढे आमचंही जाणं-येणं कमी झालं. माझ्या डोळ्यांसमोर राहिल्यात त्या खोली दाखवली त्या दिवशी संध्याकाळच्याच काकू. बायका पांगल्यावर त्या चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या, मी त्यांच्या मागोमाग. आतून उदय टीव्हीची अँटेना फिरवत असल्याची खरखर ऐकू येत होती. काकूंनी आधण ठेवलं, साखर घातली. मी हळू आवाजात विचारलं, सांगणार नाही त्याला?

त्यांनी मान हलवली. "आता सांगितलं तर जन्मभर तो त्या टेम्पोमागे धावत राहील. नको."

मला रडू आवरत नव्हतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, आणि काका? उदय जन्मभर त्यांनाच दोष देत राहणार. तुम्ही तर त्यांच्यासाठी सांगणार होतात ना?

काकूंनी चहा गाळला, कप ट्रेमध्ये ठेवले, मुलाच्या कपात अर्धा चमचा साखर आणखी घातली.

"ह्यांना सवय आहे," त्या म्हणाल्या, आणि ट्रे घेऊन त्या खोलीत गेल्या.